होतकरू साहेबांसाठी सुलभ स्वयंशिक्षक

(न्यूज चॅनेल विशेष आवृत्ती)

हे पुस्तक कोणासाठी?

बाजारात हार्मोनियम शिकवणारे स्वयंशिक्षक मिळतात, तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारे मिळतात, घरबसल्या शेअर बाजार शिकवणारे तर फुटपाथवर ढिगाने मिळतात. साहेब व्हायला शिकवणारा मात्र एकही नाही. होतकरू मंडळींना आपापल्या साहेबांकडे बघून बघूनच शिकावं लागतं, आणि मग अशी अर्धवट शिकलेली माणसं पकडली जातात. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. पूर्वानुभवाची अट नाही. स्वतःचं केबिन असल्यास प्राधान्य.

क्रमिक पुस्तक म्हणून एक चित्रपट लावला आहे: 'बॉम्बशेल', २०१९. दिग्दर्शक जे रोच, म्हणजे 'ऑस्टिन पॉवर्स'चे विनोदी चित्रपट काढणारेच. पटकथा चार्ल्स रँडॉल्फ यांची. न्यूयॉर्कच्या फॉक्स न्यूज चॅनेलचे सर्वेसर्वा रॉजर एल्स यांच्यावर २०१६ च्या जुलैत लैंगिक छळाची फिर्याद झाली आणि वीस वर्षं घट्ट धरलेली खुर्ची पंधरा दिवसांत सुटली, त्याची ही गोष्ट. फिर्याद करणारी अँकर ग्रेचेन कार्लसन (निकोल किडमन), चॅनेलची मोठी स्टार मेगिन केली (शार्लीझ थेरन) आणि नव्याने नोकरीला लागलेली केयला (मार्गो रॉबी) ही तीन मुख्य पात्रं. पहिल्या दोघी खऱ्या. केयला अनेकींच्या अनुभवांतून घडवलेली, काल्पनिक. एल्स झाले आहेत जॉन लिथगो.

सामान्य प्रेक्षक हा चित्रपट बायकांच्या बाजूला बसून बघतो. चिडतो, हळहळतो, साहेब पडला की खूश होऊन घरी जातो. तुम्ही तो साहेबांच्या खुर्चीत बसून बघायचा, मांडीवर वही घेऊन. खऱ्या एल्स यांनी १८ मे २०१७ रोजी मरेपर्यंत सगळे आरोप नाकारले, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाकारणं ही स्वतंत्र कला आहे. तिचा पाठ पुढे येईल.

त्याच पानावर आपलं सुवर्णसूत्रही लिहा: *बाई एकटी ठेवा.* खोलीत एकटी ठेवणं कोणालाही जमतं. वर्षानुवर्षं, शेकडो माणसांच्या ऑफिसात, भर गर्दीत एकटी ठेवणं याला मात्र अभ्यास लागतो. पुढचे सगळे पाठ त्याचेच आहेत.

पाठ पहिला: साहित्य आणि पूर्वतयारी

*काचेचं टेबल, एक.* लाकडी टेबलामागे बाई बसली की कमरेवरची तेवढी दिसते आणि प्रेक्षक नाइलाजाने बातमी ऐकू लागतो. काच आरपार हवी.

*कॅमेरा, गरजेनुसार.* एखादा तरी खालच्या उंचीवर लावावा. एल्स यांचा कॅमेऱ्याचा अभ्यास दांडगा होता. १९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांना टीव्हीवर कसं दाखवावं, ते ठरवणाऱ्यांत ते होते. माणसाला खुर्चीत कसं बसवलं म्हणजे देश मत देतो, हे ज्याला कळलं, त्याला बाईला कसं बसवलं म्हणजे देश चॅनेल बदलत नाही हे कळायला कितीसा वेळ लागणार?

*स्कर्ट, भरपूर.* फॉक्सच्या सकाळच्या कार्यक्रमात बायकांना पँट घालायची मुभा नव्हती, असं ग्रेचेन कार्लसन यांनीच एकदा सांगितलं होतं. हा नियम कुठेही लिहून ठेवू नये. लिहिला की त्याचा पुरावा होतो, नाही लिहिला की त्याची संस्कृती होते.

*वाक्य, एक.* 'टीव्ही हे दृश्य माध्यम आहे.' चित्रपटात एल्स हे वाक्य केयलाला ऐकवतात. वाक्य खरं आहे, म्हणूनच कामाचं आहे. खोट्या वाक्यावर बाई वाद घालू शकते. खऱ्या वाक्यापुढे ती बिचारी विचारात पडते.

मेकअपच्या बाबतीत हयगय नको. चित्रपटातली ग्रेचेन एक दिवस मेकअप न करता कार्यक्रम सादर करते आणि साहेबांचा पारा चढतो. बाई १९८९ ची मिस अमेरिका, स्टॅनफर्डची पदवीधर, उत्तम व्हायोलिन वाजवणारी. पण यातलं पहिलंच तेवढं लक्षात ठेवायचं असतं.

जाता जाता एक शुभवर्तमान. या चित्रपटाला २०२० च्या ऑस्करमध्ये तीन नामांकनं होती: थेरन आणि रॉबी यांना अभिनयासाठी, तिसरं मेकअप आणि केशभूषेसाठी. मिळालं ते तिसरं. थेरनला हुबेहूब मेगिन केली करण्यासाठी काझू हिरो यांनी तिच्या पापण्यांवरसुद्धा कृत्रिम त्वचा चढवली होती. काम खरोखरच अप्रतिम आहे, वाद नाही. तरी बायकांना चेहऱ्यावरून जोखणाऱ्या ऑफिसावरच्या चित्रपटाचा शेवटी चेहराच बक्षिसाला पात्र ठरला, याची नोंद होतकरू साहेबाने समाधानाने घ्यावी.

पाठ दुसरा: जागेची निवड

चित्रपटाच्या सुरुवातीलाच मेगिन केली कॅमेऱ्याकडे बघत आपल्याला सगळी इमारत फिरवून दाखवते. न्यूजरूम तळघरात, साहेब दुसऱ्या मजल्यावर, मालक रूपर्ट मर्डोक त्यांच्याही वर. ही रचना वहीत काढून घ्या. काम करणारे सगळे एकत्र असावेत, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवता येते. साहेब स्वतंत्र मजल्यावर असावा, म्हणजे तिकडे जाणारी बाई लिफ्टमध्ये शिरली की कुठे निघाली ते सगळ्यांना कळतं. कळू द्यावं. तिच्यामागे काय बोलायचं ते लोक आपसूक ठरवतात. त्यासाठी वेगळा पगार द्यावा लागत नाही.

दाराबाहेर एक सचिव बाई असाव्यात, वयस्कर आणि प्रेमळ. चित्रपटात त्यांचं नाव फे आहे. बाई आत जाताना त्या हसतात, बाहेर येताना वर बघत नाहीत. आतल्या खोलीत चारी बाजूंना टीव्हीचे पडदे लावावेत. चॅनेलवर काय चाललंय ते साहेबांना सतत दिसलं पाहिजे. साहेबांच्या खोलीत काय चाललंय ते दाखवणारा पडदा इमारतीत कुठेही नसावा.

पाठ तिसरा: पहिली भेट

हा पाठ केयलाच्या प्रसंगावरून करायचा आहे. मुलगी धार्मिक घरातली, कट्टर फॉक्सभक्त, अँकर होण्याचं स्वप्न बाळगून आलेली. तिला बोलवा. आधी कौतुक करा. कौतुक मनापासून करावं, कारण मुलगी खरंच हुशार असते. मग म्हणा, जरा उभी राहा. एकदा गोल फिरून दाखव.

इथे घाईने पुढे जाऊ नका. गोल फिरायला सांगण्यात तसं काहीच नसतं. मुलगी ते आईला फोनवर सांगू शकते, आई हसूही शकते. पायरी नेहमी अशीच लहान ठेवावी. ती ओलांडताना 'नाही' म्हटलं तर बावळट दिसू, असं तिला वाटलं पाहिजे. पहिल्या पायरीला नाही न म्हटलेली मुलगी दुसरीला नाही म्हणताना स्वतःलाच विचारते: मग मघाशी का फिरले? हा प्रश्न एकदा तिच्या डोक्यात शिरला की तुमचं निम्मं काम ती स्वतःच करते.

पुढे साहेब ड्रेस थोडा वर घ्यायला सांगतात. मग आणखी थोडा. हात लावत नाहीत, आवाज चढवत नाहीत, खुर्चीतून उठतसुद्धा नाहीत. रॉबीच्या चेहऱ्यावरचं हसू त्या वेळी एकदम जात नाही, कडेकडेने विरत जातं, कारण ही अजून नोकरीची मुलाखतच आहे अशी तिची समजूत असते. प्रेक्षागृहात इथे लोक चुळबुळतात. तुम्ही चुळबुळू नका. चुळबुळ झालीच, तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही. फी परत मिळणार नाही.

शेवटी 'निष्ठा' हा शब्द वापरा. तू माझ्याशी निष्ठावान आहेस हे मला कसं कळणार, असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर तिने शोधायचं. पुढे कधी चौकशी झालीच, तर तुम्ही निष्ठेबद्दल बोलत होता. निष्ठा हा सद्गुण आहे.

ज्यांना हा प्रसंग लेखकाच्या डोक्यातून आलेला वाटतो, त्यांच्यासाठी: जानेवारी २०२० मध्ये खऱ्या मेगिन केली यांनी फॉक्सच्या काही माजी सहकारी बायकांबरोबर हा चित्रपट पाहून चर्चा केली. असंच गोल फिरायला आपल्यालाही सांगितलं होतं आणि आपण फिरलो होतो, असं त्या म्हणाल्या. त्या नोकरीला लागण्यापूर्वी वकिली करत होत्या. म्हणजे हा पाठ कायदा शिकलेल्यांवरही चालतो.

पाठ चौथा: बायकांचं व्यवस्थापन

या चित्रपटात तिन्ही नायिका एकत्र येतात त्या फक्त एका प्रसंगात, लिफ्टमध्ये. ग्रेचेन, मेगिन आणि केयला शेजारीशेजारी उभ्या असतात. तिघींची एकच कहाणी, तिघींच्या तोंडाला कुलूप. लिफ्ट थांबते, केयला दुसऱ्या मजल्यावर जाते. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी हाच प्रसंग वापरला गेला, इतका तो नेमका आहे. बायकांना लिफ्टमध्ये भेटू द्यावं. कँटीनमध्ये भेटू द्यावं, वाढदिवसाचा केक कापू द्यावा. फक्त त्यांचा एकमेकींवर विश्वास बसता कामा नये.

त्यासाठी उपाय तीन.

पहिला, जागा कमी ठेवा. काचेच्या टेबलामागे खुर्च्या दोनच असल्या की तिसरी बाई शत्रू होते.

दुसरा, मैत्रिणीला घाबरवून ठेवा. केयलाची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जेस (केट मॅकिनन) ही स्त्रियांवर प्रेम करणारी, घरी हिलरी क्लिंटनचं पोस्टर लावणारी आणि फॉक्समध्ये ही दोन्ही गुपितं सांभाळून असलेली. केयला तिला सांगू बघते, तेव्हा ती म्हणते, मला यात ओढू नकोस. ती दुष्ट नाही. तिला घरभाडं भरायचं आहे. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे, असा माणूस नोकरीला ठेवणं म्हणूनच हिताचं असतं.

तिसरा, निष्ठावंतांना गणवेश द्या. फिर्याद बाहेर आल्यावर चित्रपटातल्या ऑफिसात 'टीम रॉजर'चे टी-शर्ट फिरू लागतात. टी-शर्टचा उपयोग घालणाऱ्या बाईपेक्षा न घालणारी बाई ओळखायला जास्त होतो.

आणि मोठी अँकर? तिची काळजी करू नका, ती स्वतःची घेते. मेगिन केली यांना २०१५ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या वादफेरीत डोनाल्ड ट्रम्प यांना त्यांनी बायकांसाठी वापरलेल्या शब्दांवरून टोकण्याची हिंमत झाली, आणि त्यापायी पुढे किती तरी महिने त्यांना शिव्या खाव्या लागल्या. पण साहेबांविषयी, दहाएक वर्षांपूर्वी नवीन असताना घडलेलं, त्या जाहीरपणे बोलल्या नव्हत्या. चित्रपटात केयला तिला विचारते: तू गप्प राहिलीस, त्याने आमच्यासारख्यांचं काय होईल हे तुझ्या मनात आलं होतं का? आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने हा चित्रपटातला सर्वांत मोलाचा संवाद. जुनीच्या गप्प राहण्यावर नवीचा नंबर लागतो, आणि मग नवी आपला राग जुनीवर काढते. साहेब तेव्हा दुसऱ्या मजल्यावर जेवत असतात.

पाठ पाचवा: कागदपत्रं

हा पाठ सर्वांत रुक्ष आहे आणि परीक्षेत हमखास येतो.

नोकरीच्या करारात, पगाराच्या आकड्यानंतर आणि सहीच्या आधी, एक कलम घाला: उभयपक्षी वाद झाल्यास तो कोर्टात न जाता लवादापुढे, गुप्तपणे सोडवला जाईल. नवीन मुलगी ते वाचत नाही. वाचलं तरी भला मार्ग वाटतो. कोर्टकचेऱ्या कोणाला हव्या असतात?

आता कोर्ट आणि लवाद यांतला फरक. कोर्टात फिर्याद झाली की तिला नंबर पडतो, ती कोणीही मागून वाचू शकतो, वार्ताहर तर पहाटे उठून वाचतात. लवादात बंद खोली असते, ज्यूरी नसते आणि निकाल बाहेर जात नाही. बाई हरली तरी दुसरीला कळत नाही, जिंकली तरी कळत नाही. त्यामुळे दहावी बाईसुद्धा स्वतःला पहिलीच समजते. आपलं नक्की काय चुकलं, याचा विचार करत रात्र काढते. सुवर्णसूत्र आठवा. खोलीचं दार उघडल्यावरही बाई एकटीच राहिली पाहिजे, तर ते काम दाराला जमत नाही, कागदालाच जमतं.

एल्स यांच्या यंत्रणेतही हे कलम होतं. मग ती फसली कशी? ग्रेचेन यांचा करार २३ जून २०१६ रोजी संपला, पुढे वाढवला गेला नाही. ६ जुलैला त्यांच्या वकिलांनी न्यू जर्सीच्या कोर्टात फिर्याद लावली, आणि ती चॅनेलवर लावलीच नाही. लावली ती रॉजर एल्स या इसमावर. करार चॅनेलशी होता, त्या इसमाशी नव्हता. साहेबांचे वकील लवादाकडे धावले, पण फिर्यादीचा कागद तोवर देशभर वाचून झाला होता. तो वाचून एकेक बाई ग्रेचेन यांच्या वकिलांना फोन करू लागली. फोन करणाऱ्या प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकट्याच.

दुरुस्ती: कराराचा मसुदा करताना 'चॅनेल, त्याचे अधिकारी आणि साहेब' असा स्पष्ट उल्लेख करावा.

पाठ सहावा: तक्रार आल्यास

तक्रार खालच्या पातळीवर आली, तर तिचं भाषांतर करा. सहकारी पुरुष आपल्याला तुच्छतेने वागवतो, असं आपण २००९ मध्ये सांगितलं, तेव्हा एल्स यांनी आपल्यालाच पुरुषद्वेष्टी ठरवून पुरुषांशी जुळवून घ्यायला सांगितलं, असं ग्रेचेन यांच्या फिर्यादीत म्हटलं आहे. बघा, तक्रार त्याच्या वागण्याची होती आणि उत्तर मिळालं ते तिच्या स्वभावावर.

तक्रार कोर्टात गेली, तर टीआरपी काढा. आरोप खोटे आहेत, बाईच्या कार्यक्रमाला प्रेक्षक नव्हते, करार वाढवला नाही म्हणून ती सूड घेते आहे, अशा आशयाचं उत्तर एल्स यांनी दिलं. उत्तम नमुना आहे, पाठ करून ठेवावा. यात बाईच्या म्हणण्याला उत्तर नाही, पण तिच्या लायकीवर चर्चा सुरू होते. चर्चा एकदा लायकीवर गेली की संध्याकाळचे सगळे कार्यक्रम तिकडेच जातात.

एक सावधगिरी. ग्रेचेन २०१४ पासून साहेबांच्या खोलीत जाताना फोन चालू ठेवून जात होत्या आणि बोलणं रेकॉर्ड करत होत्या, अशी बातमी 'न्यूयॉर्क' मासिकाने नंतर दिली. न्यूयॉर्कच्या कायद्यात बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असली की रेकॉर्डिंग चालतं, आणि ग्रेचेन यांची स्वतःच्या रेकॉर्डिंगला संमती होती. टीव्हीच्या पडद्यांच्या खोलीत बसून अख्खा देश बघणाऱ्या माणसाने समोरच्या फोनकडे बघितलं नाही.

मालकांबद्दलही गाफील राहू नका. मर्डोक यांनी बाहेरच्या वकिलांकडून चौकशी सुरू केली आणि मेगिन केली यांनी आपला जुना अनुभव त्या वकिलांना सांगितला. तिथे खेळ संपला. मालकाची तुमच्यावरची माया नफ्याइतकीच खोल असते.

पाठ सातवा: निरोप

जायची वेळ आलीच, तर मुहूर्त बघून जा. एल्स यांनी २१ जुलै २०१६ रोजी राजीनामा दिला. त्याच रात्री क्लीव्हलंडमध्ये ट्रम्प यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारली. दुसऱ्या दिवशी जगाला वाचायला दुसरं काही होतं.

रिकाम्या हाताने जाऊ नका. एल्स यांना जाताना सुमारे ४ कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या आल्या. ग्रेचेन यांना सप्टेंबरमध्ये तडजोडीत २ कोटी डॉलर आणि ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स या मूळ कंपनीची जाहीर माफी मिळाली. माफी न मागणाऱ्याचा भाव दुप्पट निघाला.

सहाय्यकांनीही खचून जाऊ नये. एल्स यांचे निकटचे सहकारी बिल शाइन यांना साहेब गेल्यावर चॅनेलचं सहअध्यक्षपद मिळालं. प्रकरणं झाकल्याचा आरोप त्यांनी नाकारला, २०१७ च्या मे महिन्यात ते बाहेर पडले आणि २०१८ मध्ये थेट व्हाइट हाउसमध्ये संपर्कप्रमुख झाले.

चॅनेलचे सर्वांत लोकप्रिय सूत्रधार बिल ओरायली यांचं प्रकरण जोडपाठ म्हणून अभ्यासावं. पाच बायकांशी झालेल्या तडजोडींत सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दिले गेल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १ एप्रिल २०१७ रोजी छापली. ओरायली यांनी आरोप नाकारले. अठरा दिवसांनी त्यांचा कार्यक्रम गेला. मधल्या काळात कंपनीचं मन बदललं, कारण जाहिरातदार एकामागून एक निघून गेले. पाच बायकांना जे जमलं नाही ते मोटारी आणि औषधं विकणाऱ्या कंपन्यांना जमलं. बाईपेक्षा जाहिरातदाराला जपावं, हा त्याचा अर्थ.

पाठ आठवा: पश्चात काळजी

पुष्कळ साहेब खुर्ची गेली की खेळ संपला असं समजतात. चूक. खरी शांतता तडजोडीनंतर सुरू होते. तडजोडीच्या कागदात आणखी एक कलम असतं: यापुढे या विषयावर बोलायचं नाही.

त्याचा परिणाम बघा. २०१९ मध्ये ग्रेचेन कार्लसन यांची कहाणी दोनदा पडद्यावर आली. 'बॉम्बशेल'मध्ये निकोल किडमन ग्रेचेन झाली, 'द लाउडेस्ट व्हॉइस' या मालिकेत नेओमी वॉट्स. दोघींनी आपापल्या परीने तिचा राग दाखवला, भीती दाखवली, डोळ्यांतलं पाणी दाखवलं. खऱ्या ग्रेचेन यांना मात्र यातलं काय बरोबर, काय चूक, हे सांगायची मुभा नव्हती. आपल्या आयुष्यावरच्या चित्रपटाबद्दल जगात कोणीही बोलू शकत होतं, एक ती सोडून.

बाई स्वस्थ बसली नाही, हे अभ्यासक्रमाच्या दृष्टीने खेदाने नमूद करावं लागतं. २०१९ मध्ये तिने ज्यूली रॉगिन्स्की या आपल्या माजी सहकारी बाईंबरोबर 'लिफ्ट अवर व्हॉइसेस' ही संस्था काढली. दोघी अमेरिकी संसदेच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. ३ मार्च २०२२ रोजी कायदा झाला: लैंगिक छळाच्या प्रकरणात नोकरीच्या करारातलं लवादाचं कलम बाईवर लादता येणार नाही, कोर्टात जायचं की नाही ते ती ठरवेल. त्याच वर्षी ७ डिसेंबरला दुसरा कायदा झाला: वाद उद्भवण्याआधीच सह्या करून घेतलेली गप्प राहण्याची कलमं अशा प्रकरणात चालणार नाहीत. दोन्ही कायद्यांना दोन्ही पक्षांची मतं मिळाली, आणि आजच्या अमेरिकेत दोन्ही पक्षांचं पावसावरही एकमत होत नाही.

पाठ पाचवा यामुळे निम्मा बाद झाला आहे. पुढील आवृत्तीत सुधारणा करू.

तरी घाबरू नका. दुसरा कायदा वाद होण्याआधीच्या कलमांपुरता आहे. वादानंतर, तडजोडीत, पैसे घेताना सही केलेलं मौन त्याने सुटत नाही. म्हणजे ज्या बाईने लाखो बायकांच्या तोंडावरचं कुलूप काढलं, तिचं स्वतःचं तसंच राहिलं. साहेब वारले, चॅनेल चालू आहे, चित्रपट येऊन गेला. कलम अजून जिवंत आहे.

शंकासमाधान

*आमचं चॅनेल नाही, पतसंस्था आहे. हे पुस्तक चालेल का?*
चालेल. काचेच्या टेबलाची गरज नाही. सूत्र तेच.

*हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपला काय संबंध?*
२०१६ मध्ये जिने ग्रेचेन यांची माफी मागितली, ती ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स त्या वेळी स्टार इंडियाची मालक होती. म्हणजे संध्याकाळी वरणाला फोडणी देता देता 'स्टार प्रवाह'वर मालिका बघणाऱ्या घरांचा आणि त्या दुसऱ्या मजल्याचा मालक एकच होता.

*आमच्याकडे भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की तक्रार समिती नेमावी लागते. काय करावं?*
जरूर नेमा. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी हवी, किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. नेमणार तुम्ही, पगारवाढ देणार तुम्ही. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, तेव्हा तीन महिने बाईशी अत्यंत गोड बोला. समितीला आणखी तीन महिने मुदत वाढवता येते, ही माहिती सूचनाफलकावर लावायची झाल्यास तो फलक पुरुषांच्या स्वच्छतागृहाशेजारी असावा. आणि तुम्ही स्वतःच मालक असाल, तर सावध: तेव्हा तक्रार तुमच्या समितीकडे येत नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती अस्तित्वात असते हे बायकांना कळणार नाही, एवढं बघा.

*चित्रपटात शेवटी साहेब पडतात आणि केयला नोकरी सोडून, ओळखपत्र कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जाते. मग आम्ही साहेबांकडून शिकायचं काय?*
प्रश्न नीट वाचा, उत्तर त्यातच आहे. साहेब ४ कोटी घेऊन गेले. आयुष्याचं स्वप्न डब्यात टाकून, काहीही न घेता गेली ती केयला.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
टीव्ही हे \_\_\_\_\_ माध्यम आहे. (दृश्य / श्राव्य / माझं)

प्र. २. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) इतकी वर्षं गप्प का बसलीस, हा प्रश्न बाईला विचारावा.
(आ) गप्प बसण्याचा कागद कोणी तयार केला, हा प्रश्न कोणालाच विचारू नये.

प्र. ३. कारणे द्या.
साहेबांच्या दाराबाहेर बसणाऱ्या बाई वर बघत नाहीत.

प्र. ४. गणित सोडवा.
चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर येणाऱ्या पाटीनुसार मर्डोक यांनी छळ झालेल्या सर्व बायकांना मिळून ५ कोटी डॉलर दिले, तर एल्स आणि ओरायली या दोघांना निरोपादाखल साडेसहा कोटी. तर कंपनीच्या हिशेबात एक साहेब म्हणजे किती बायका? (बायकांची नेमकी संख्या दिलेली नाही. त्याशिवाय सोडवा.)

प्र. ५. एका वाक्यात उत्तर लिहा.
दुसऱ्या मजल्यावर जे घडलं, ते ग्रेचेन कार्लसन आज स्वतःच्या तोंडाने सांगतात त्याप्रमाणे लिहा.

उत्तरसूची

प्र. १: दृश्य. 'माझं' लिहिणाऱ्यांनाही गुण द्यावेत.
प्र. २: दोन्ही बरोबर.
प्र. ३: त्यांनी एकदा बघितलं होतं.
प्र. ४: रीत बरोबर असल्यास उत्तर न काढताही पूर्ण गुण.
प्र. ५: तडजोडीतल्या गोपनीयतेच्या कलमामुळे हा प्रश्न रद्द करण्यात आला आहे. त्याचे गुण साहेबांच्या खात्यात जमा करण्यात यावेत.